फियाटचे इंजिन उतरवताना

मोटार दुरुस्तीच्या बोलीत गाडीतून इंजिन बाहेर काढण्याला ‘इंजिन उतरवणे’ म्हणतात, आणि ते खोलून, झिजलेले भाग बदलून, पुन्हा एकसंध करण्याला ‘इंजिन बांधणे’ म्हणतात. ही दोन क्रियापदे कारागिरांनी नेहमी जोडीने वापरली आहेत, कारण उतरवलेले इंजिन बांधून परत बसवले जात नाही तोवर काम झाले असे कोणी मानत नाही. जुनी गाडी घराच्या आवारात स्वतः दुरुस्त करू पाहणाऱ्या हौशी माणसाने या जोडीतले दुसरे क्रियापद आधी ध्यानात घ्यावे. बोल्ट सोडणे ताकदीने आणि चिकाटीने जमते, पण कोणता बोल्ट कुठून आला, कोणती तार कशाला जोडली होती आणि कोणता सांधा कोणत्या क्रमाने सुटला, याची नोंद नसेल तर महिन्याभराने समोर उरतो तो सुट्या भागांचा ढीग. अशा ढिगाची परिणती बहुधा भंगारात होते. म्हणून जुन्या मोटारीचे इंजिन आणि गिअरबॉक्स घरी उतरवण्याची रीत येथे परत बसवण्याच्या दृष्टीने मांडली आहे.

मुंबई आणि ठाणे परिसरात जुनी मोटार म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर फियाट येते. सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात आरंभी अमेरिकी गाड्यांची जुळणी होत असे आणि पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार होऊन १९५४ पासून फियाट ११०० ही गाडी तेथून बाहेर पडू लागली. हीच गाडी रूप बदलत १९७२ मध्ये प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ मध्ये प्रीमियर पद्मिनी झाली, आणि तिचे उत्पादन विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालू राहिले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे रूप तिनेच घडवले. या प्रकारची शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली होती, आणि टॅक्सीसाठी ठरलेली वीस वर्षांची मुदत संपल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची गेली. खासगी मालकीच्या फियाट मात्र आजही कल्याणपासून बदलापूरपर्यंतच्या जुन्या बंगल्यांच्या आणि सोसायट्यांच्या आवारात ताडपत्रीखाली उभ्या दिसतात, आणि घरी इंजिन उतरवण्याचा प्रश्न मुख्यतः त्यांच्या बाबतीतच निर्माण होतो.

‘विंटेज’ या शब्दाचा अर्थ सर्वत्र सारखा नाही. ब्रिटिश परंपरेत तो १९१९ ते १९३० या काळात तयार झालेल्या मोटारींपुरता वापरला जातो, तर भारतात जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली आणि मूळ स्वरूपात जपलेली दुचाकी किंवा चारचाकी म्हणजे विंटेज वाहन होय. चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठे फेरफार केलेले नसावेत, ही त्यातली महत्त्वाची अट आहे. अशा वाहनाला ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला वेगळा क्रमांक मिळतो, नव्या नोंदणीसाठी वीस हजार आणि नूतनीकरणासाठी पाच हजार रुपये शुल्क आहे, आणि ते वाहन प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे व देखभाल अशा मोजक्या कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. साठच्या दशकातल्या फियाट या व्याख्येत केव्हाच आल्या आहेत आणि पहिल्या पद्मिनींनीही आता पन्नाशी ओलांडली आहे. त्यामुळे आज ज्याच्या दारात अशी गाडी गंजत उभी आहे त्याने तिच्या इंजिनाला हात लावण्यापूर्वी आपण एका दस्तऐवजाला हात लावत आहोत, हे समजून घ्यावे.

बदलापूर पश्चिमेच्या हेंद्रेपाड्यासारख्या वस्तीत या विषयाला आणखी एक पदर आहे. उल्हास नदीच्या जवळ असल्यामुळे २६ जुलै २००५ चा महापूर, महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान अडकली तो २७ जुलै २०१९ चा पूर, आणि जुलै २०२१ चा पूर, अशा आपत्ती या पट्ट्याने अनुभवल्या आहेत. पुराच्या पाण्यात बुडालेल्या जुन्या गाडीचे इंजिन उतरवावे लागते, त्याचे कारण यांत्रिक आहे. एअर क्लीनरमधून आणि कार्ब्युरेटरमधून सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी हवेसारखे दाबले जात नाही. स्टार्टर फिरवताच पिस्टन त्या पाण्यावर आपटतो आणि पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. पाणी तेलात मिसळले की तेल ताकासारखे पांढुरके होते आणि बेअरिंगला लागणारा तेलाचा पातळ थर टिकत नाही. गिअरबॉक्सला हवा खेळण्यासाठी ठेवलेल्या लहान छिद्रातून गाळ आत जातो आणि दातऱ्यांच्या फटींत बसतो. म्हणून बुडालेली गाडी कधीही चालू करून पाहू नये. स्पार्क प्लग काढावेत, तेल सोडून पाहावे, आणि गाळ आढळल्यास इंजिन व गिअरबॉक्स दोन्ही उतरवून धुण्याचा निर्णय घ्यावा. पूर न येताही कोकणपट्टीच्या दमट हवेत वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतींना गंजून चिकटतात, यालाच इंजिन जाम होणे म्हणतात, आणि तेथेही उपाय तोच असतो.

उतरवायचे काय, हे नीट समजण्यासाठी गाडीची रचना थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. फियाट ११०० मध्ये इंजिन पुढे आणि चालना मागच्या चाकांना, अशी त्या काळची रूढ मांडणी आहे. चार सिलिंडरचे, १०८९ घन सेंटीमीटर क्षमतेचे इंजिन नाकापासून मागे लांबीने बसवलेले असते. त्याच्या मागच्या टोकाला फ्लायव्हील हे जड चाक असते, त्यावर क्लच बसतो, आणि क्लचला झाकणाऱ्या घंटेच्या आकाराच्या ओतीव कवचाने, म्हणजे बेल हाउसिंगने, गिअरबॉक्स इंजिनाला जोडलेला असतो. गिअरबॉक्सच्या शेपटीकडून निघालेला प्रॉपेलर शाफ्ट गाडीच्या पोटाखालून मागच्या ॲक्सलपर्यंत जातो. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चेसिस नाही, पत्र्याचा घडीव सांगाडाच सगळा भार वाहतो, आणि इंजिन व गिअरबॉक्सची ही जोडी रबरी गाद्यांवर त्या सांगाड्याला टेकलेली असते. त्यामुळे इंजिन उतरवताना त्या गाद्यांच्या आसपासचा पत्रा कुजला आहे का, हे पाहण्याची संधी मिळते, आणि पूर पाहिलेल्या गाडीत ही तपासणी इंजिनाच्या तपासणीइतकीच मोलाची असते.

तयारीत पहिला विचार जागेचा करावा लागतो. जमीन सपाट आणि कोबा केलेली असावी, कारण मातीवर जॅक रुततो आणि फरशीवर तो सरकतो. वर छप्पर हवे पण तिन्ही बाजूंनी वारा खेळता हवा, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने बंद गाळ्यात ती जमिनीलगत साचून राहते. त्याच कारणाने शेजारच्या स्वयंपाकघरातील शेगडी, देवापुढचा दिवा आणि कोणाच्याही हातातली विडी या कामापासून दूर असावी, आणि पावडरचे अग्निशामक नळकांडे हाताशी असावे. पावसाळ्यात हे काम काढू नये. दिवाळीनंतरचे कोरडे महिने त्याला योग्य आहेत, कारण उघड्या पडलेल्या सिलिंडरवर दमट हवेत एका रात्रीतही गंजाची साय धरते. हत्यारांच्या बाबतीत एक भेद प्रथमच जाणून घ्यावा. फियाट इटालियन कुळाची असल्याने तिला मिलिमीटरच्या मापाचे पाने लागतात, तर मॉरिस ऑक्सफर्डपासून आलेली ॲम्बेसेडर आणि विलीजपासून आलेली महिंद्र जीप यांना इंचाच्या मापाचे. जवळपास बसणारा चुकीचा पाना बोल्टचे कोपरे घासून टाकतो, आणि गोल झालेला बोल्ट काढण्यात जो दिवस जातो तो योग्य रिंग पाना किंवा गोटी पाना मिळवण्यात घालवलेला बरा.

काम सुरू होते ते वहीने. प्रत्येक टप्प्याला आधी फोटो, मग वहीत ओळ, आणि मगच पाना, हा क्रम मोडू नये. प्रत्येक तारेला दोन्ही टोकांना एकाच क्रमांकाची चिठ्ठी बांधावी, प्रत्येक भागाचे नट, बोल्ट आणि वायसर वेगळ्या पिशवीत घालून पिशवीवर भागाचे नाव लिहावे, आणि शक्य तेथे बोल्ट त्याच्या मूळ भोकात हलका फिरवून परत ठेवावा. मोबाइलमधल्या फोटोमुळे आजच्या हौशी माणसाला जी सोय आहे ती जुन्या मिस्त्रींना नव्हती. त्यांची स्मृती रोजच्या सरावाने पक्की झालेली असे, तर आयुष्यात एकदाच हे काम करणाऱ्याला स्मृतीवर विसंबता येत नाही.

त्यानंतर बॅटरी सोडावी आणि त्यातही बॉडीला जोडलेली तार आधी काढावी, कारण ती निघाल्यावर पाना चुकून पत्र्याला टेकला तरी ठिणगी पडत नाही. बॉनेटच्या बिजागरीभोवती खुणा करून दोघांनी मिळून बॉनेट उतरवावे, म्हणजे परत बसवताना फट सारखी येते. रेडिएटरचे पाणी, इंजिनाचे तेल आणि गिअरबॉक्सचे तेल वेगवेगळ्या भांड्यांत सोडावे. गिअरबॉक्सचे तेल न सोडता पुढे गेल्यास इंजिन तिरके करताना ते शेपटीकडून सांडते. मग होज पाइप आणि रेडिएटर काढले की इंजिनापुढे जागा मोकळी होते. पेट्रोलची नळी सोडून तिचे तोंड बंद करावे, कार्ब्युरेटरच्या ॲक्सिलरेटरची आणि चोकची जोडणी सोडावी, डायनॅमो, स्टार्टर, इग्निशन कॉइल तसेच तेलाचा दाब आणि पाण्याचे तापमान दाखवणाऱ्या तारा सोडाव्यात. एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून सायलेन्सरकडे जाणारा पाइप सोडणे हा या टप्प्यातला सर्वांत चिवट भाग असतो, कारण वर्षानुवर्षे तापून थंड झालेले नट स्टडशी एकजीव होतात. त्यांवर दोन दिवस आधीपासून गंज सोडवणारे तेल सोडत राहावे, नट सोडण्यापूर्वी किंचित घट्ट दिशेने हलवून गंजाची पकड मोडावी, आणि मग थोडा सोडणे, थोडा परत फिरवणे असे करत तो बाहेर आणावा. एका दमात जोर लावल्यास स्टड तुटतो, आणि तुटलेला स्टड लेथवाल्याकडे न्यावा लागतो.

गाडीखाली शिरण्यापूर्वी ती घोडीवर, म्हणजे उंची ठरवता येणाऱ्या लोखंडी टेकूंवर, चारही बाजूंनी टेकवावी. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, टेकवून ठेवण्याचे नाही, आणि केवळ जॅकवर उभ्या गाडीखाली जाणे म्हणजे जीव धोक्यात घालणे. विटा आणि सिमेंटचे ठोकळे भाराखाली अचानक फुटतात, म्हणून तेही वापरू नयेत. खालून प्रॉपेलर शाफ्टचे बोल्ट सोडताना दोन्ही फ्लँजवर एक समोरासमोर खूण करावी, कारण शाफ्ट तोल साधून बसवलेला असतो आणि तो वेगळ्या कोनात बसला तर वेगात गाडी थरथरते. स्पीडोमीटरची केबल, क्लचची जोडणी आणि स्टिअरिंगच्या दांड्यावरील गिअरच्या मुठीपासून गिअरबॉक्सपर्यंत येणाऱ्या सळया सोडाव्यात. जुन्या फियाटची ही स्टिअरिंगवरची गिअरची रचना नाजूक जुळणीची असते, म्हणून समायोजनाचे नट हलवण्याआधी सळयांची लांबी मोजून वहीत लिहावी.

आता इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र काढायचे की वेगळे, हा निर्णय घ्यायचा असतो. केवळ इंजिन काढायचे असल्यास गिअरबॉक्सला खालून जॅकचा आधार देऊन बेल हाउसिंगचे बोल्ट सोडतात आणि इंजिन सरळ रेषेत पुढे ओढतात. या वेळी गिअरबॉक्समधून पुढे आलेला शाफ्ट क्लच प्लेटच्या दातऱ्या भोकातून अलगद सुटला पाहिजे. इंजिन थोडे जरी तिरके लोंबकळले तरी त्याचा भार त्या शाफ्टवर येतो आणि क्लच प्लेट वाकते. पुढची जागा अपुरी असणाऱ्या घरगुती आवारात ही सरळ रेषा सांभाळणे कठीण जाते. म्हणून बहुतेक कारागीर दोन्ही एकत्र उचलून बाहेर जमिनीवर वेगळे करणे पसंत करतात, आणि पहिल्यांदाच हे काम करणाऱ्यालाही तीच रीत अधिक सुरक्षित आहे.

उचलणे हा साऱ्या कामातला सर्वांत गंभीर क्षण आहे, कारण या जोडीचे वजन शंभर किलोंच्या वर जाते. पूर्वी गॅरेजमध्ये झाडाच्या फांदीला किंवा वाशाला चेनपुली टांगत. चेनपुली हे दातेरी चाकांच्या साहाय्याने हाताची थोडी ताकद अनेक पटींनी वाढवणारे साधन आहे आणि तिच्यावर ती किती भार पेलू शकते ते कोरलेले असते, परंतु ज्या वाशाला ती टांगली त्यावर असे काही कोरलेले नसते. घराच्या स्लॅबमधला पंख्याचा हूक या कामासाठी नसतो. म्हणून भाड्याने मिळणारी चाकांची हायड्रॉलिक क्रेन किंवा जाड लोखंडी पाइपांची तिकाटी वापरावी, आणि तिची क्षमता अर्ध्या टनापेक्षा कमी नसावी. इंजिनाला दोन ठिकाणी अडकवलेल्या साखळीचा कोनही महत्त्वाचा आहे. साखळीच्या दोन्ही बाजू आडव्या रेषेशी ६० अंशांचा कोन करत असतील तर प्रत्येक बाजूवर वजनाच्या सुमारे ५८ टक्के ताण येतो, पण साखळी तोकडी असून तो कोन ३० अंशांवर आला तर प्रत्येक बाजूवर पूर्ण वजनाइतका ताण पडतो. साखळीचा थोडा ताण घेतल्यावर इंजिनाच्या गाद्यांचे आणि गिअरबॉक्सखालच्या आडव्या पट्टीचे बोल्ट सोडावेत, गाडीभोवती एक फेरी मारून कोणती तार किंवा नळी राहिली नाही ना ते पाहावे, आणि मग बोटाबोटाने वर घ्यावे. पुढचे टोक वर आणि गिअरबॉक्सची शेपटी खाली, असा तीव्र उतार साधत ही जोडी पुढून वर बाहेर येते. कामाला किमान तिघे हवेत, एक साखळीवर, एक इंजिनाला हाताने दिशा देणारा आणि एक खालून शेपटीवर लक्ष ठेवणारा. टांगलेल्या वजनाखाली कोणाचाही हात किंवा पाय जाऊ नये, आणि इंजिन बाहेर येताच ते उंच न ठेवता लगेच लाकडी ठोकळ्यांवर टेकवावे.

बाहेर काढलेले इंजिन प्रथम पुसून न्याहाळावे. गिअरबॉक्स वेगळा केल्यावर क्लच प्लेटची जाडी, फ्लायव्हीलच्या पृष्ठभागावरील ओरखडे, स्टार्टर ज्यात अडकतो त्या दातेरी कड्याची झीज, आणि मागच्या बाजूने तेल पाझरल्याच्या खुणा दिसतात. जुन्या क्लच प्लेटच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकते आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असल्याने ती हवेच्या झोताने कधीही उडवू नये, ओल्या फडक्याने टिपावी. सिलिंडरचे बोअरिंग, क्रँक घासणे, हेडचा पृष्ठभाग सपाट करणे ही कामे घरी होत नाहीत. ती मशीन शॉपमध्येच द्यावी लागतात, आणि ऑर्डनन्स फॅक्टरी व मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरीमुळे यंत्रकामाची दीर्घ परंपरा असलेल्या अंबरनाथच्या परिसरात राहणाऱ्यांना त्यासाठी दूर जावे लागत नाही. परत बसवताना क्लच प्लेट फ्लायव्हीलच्या मध्याशी तंतोतंत जुळवावी लागते. त्यासाठी जुन्या गिअरबॉक्समधला सुटा शाफ्ट ‘डमी’ म्हणून घालून प्लेट मध्यावर आणतात आणि मगच प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने आवळतात. हे केले नाही तर तासन्‌तास प्रयत्न करूनही गिअरबॉक्स आत शिरत नाही.

काढलेल्या तेलाचा प्रश्न हा केवळ स्वच्छतेचा नाही. वापरलेले तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. हेंद्रेपाड्यातल्या गटारात ओतलेले तेल अखेर उल्हास नदीत जाते, आणि याच नदीचे पाणी या पट्ट्यातली शहरे पितात. म्हणून ते झाकणाच्या डब्यात साठवून वापरलेले तेल रीतसर गोळा करणाऱ्याकडेच द्यावे. भाग धुण्यासाठी वापरलेल्या रॉकेलचीही हीच व्यवस्था करावी.

शेवटचा मुद्दा इंजिनाच्या क्रमांकाचा. नोंदणीच्या पुस्तकात चेसिस आणि इंजिन यांचे क्रमांक लिहिलेले असतात. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नव्याने करताना ते तपासले जातात, आणि विंटेज नोंदणीसाठी तर गाडीचे मूळपण याच अंकांवर ठरते. म्हणून ब्लॉकवर कोरलेला क्रमांक तारेच्या ब्रशने घासू नये, त्यावर रंगाचे थर चढवू नयेत, आणि ब्लॉक बदलणे अटळच असेल तर परिवहन कार्यालयात त्याची नोंद करूनच बदलावा. प्रवासात येथे घोडे बदलत म्हणून बदलापूर हे नाव पडले, अशी लोकसमजूत आहे. थकलेला घोडा ठेवून ताजा घोडा घेणे त्या काळच्या प्रवाशाला शक्य होते, पण जुन्या मोटारीच्या मालकाला ती मुभा नाही, कारण तिचे इंजिन बदलले की तिची ओळखही बदलते.

कुर्ल्याच्या कारखान्यातून आता फियाट येणार नाही, आणि जी आहे तिचे सुटे भाग दरवर्षी दुर्मिळ होत जाणार आहेत. तिचे इंजिन उतरवण्याची रीत ज्यांना हाताने माहीत आहे ते मिस्त्रीही वयाने थकले आहेत. म्हणून ज्याच्या दारात अशी गाडी उभी आहे त्याने पहिला बोल्ट सोडण्यापूर्वी जवळच्या जुन्या मिस्त्रीला बोलवावे, त्याच्या देखरेखीखाली काम करावे, त्याचा शब्दन्‌शब्द वहीत उतरवावा, आणि इंजिन परत बसून गाडी चालू झाल्यावर ती वही गाडीच्या कागदपत्रांबरोबर जपून ठेवावी.